मिस मावशींचा पार

घर दाखवायच्या आधी मावशींनी मला दारातच थांबवलं आणि विचारलं, "तुला काय येतं?"

मी सांगलीहून एम.एस. करायला नुकतीच आले होते. बॅगा फुटपाथवर उभ्या होत्या, अंगातून विमानाचा शीण गेला नव्हता. मी सांगितलं, सी प्लस प्लस येतं, जावा थोडंफार. त्यांनी हात झटकला. ते नाही, काम काय येतं? शिवण येतं? गाडी येते? भिंतीत खिळा ठोकता येतो? यातलं मला काहीच येत नव्हतं आणि तसं मी सांगून टाकलं. "बरं, खोटं तरी बोलत नाहीस," त्या म्हणाल्या आणि माझी जड बॅग स्वतः उचलून आत गेल्या.

नॉर्थ कॅरोलिनातलं ते जुनं गाव. एकेकाळी तंबाखूवर चालायचं. मी गेले तेव्हा कारखाने बंद पडले होते आणि विटांच्या मोठमोठ्या इमारती नुसत्या उभ्या होत्या. जवळच मॉरिसव्हिल, तिथे आपल्या सॉफ्टवेअरवाल्या मंडळींची नवी कोरी घरं. मावशी मात्र गावातल्या जुन्या वस्तीत राहत, जिथे त्यांच्याशिवाय दुसरं भारतीय घर नव्हतं. त्या मूळच्या अमरावतीच्या. यजमान विद्यापीठात शिकवायचे, त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली होती. स्वतः हॉस्पिटलच्या पॅथॉलॉजी लॅबमधून निवृत्त झालेल्या. मूलबाळ नाही. वरच्या मजल्यावरच्या खोल्या आमच्यासारख्या विद्यार्थ्यांना भाड्याने देत. आम्ही त्यांना मावशी म्हणायचो, ते शेजाऱ्यांना त्यांचं नावच वाटलं. त्या भागात वडीलधाऱ्या बाईच्या नावाआधी 'मिस' लावायची पद्धत, म्हणून सगळी गल्ली त्यांना 'मिस मावशी' म्हणे. त्यांनी कोणालाही दुरुस्त केलं नाही.

पाचवारी सुती साडी, पायात पांढरे जाड स्पोर्ट्स शूज आणि थंडी पडली की वरून यजमानांचा करडा कोट, हा त्यांचा वेष. इंग्रजी अस्खलित, पण चाल सगळी वऱ्हाडी. सिटीच्या ऑफिसात फोन लावला की नमस्कार-चमत्कार नाही, एकदम "लाइट काहून बंद आहे?" या थाटात सुरुवात. पलीकडचा माणूस गोंधळायचा आणि गोंधळात काम करून टाकायचा.

भाड्याच्या अटींमध्ये एक अट विचित्र होती. महिन्यातून एकदा त्यांच्याबरोबर सिटी कौन्सिलच्या मीटिंगला जायचं. इतर बायका जशा भजनाला जातात तशा त्या मीटिंगला जात, पर्समध्ये उकडलेल्या शेंगांची पुडी घेऊन. नागरिकांना तिथे तीन मिनिटं बोलायला मिळतात. मावशी ती कधी वाया घालवत नसत. तुंबलेली गटारं, उखडलेला फुटपाथ, बसथांब्यावर नसलेला बाक. त्यांचं नाव पुकारलं की कौन्सिलचे अध्यक्ष आधी चष्मा काढून डोळे चोळायचे. आम्हाला लाज वाटायची. मावशींना वाटत नसे. आपण टॅक्स भरतो, मग खुर्च्याही आपल्याच, असं त्यांचं साधं म्हणणं.

मॉरिसव्हिलला गणपतीला बोलावणं आलं की त्या जात. तिथे एकदा त्यांनी घरच्या बाईंना विचारलं, तुमच्या डावीकडे कोण राहतं? बाईंना सांगता येईना. मावशींनी मोदक खाल्ला, आरती म्हटली आणि निघाल्या. परतताना गाडीत मात्र म्हणाल्या, "एवढं मोठं घर, आणि शेजार नाही."

आमच्या घराला लागून एक मोकळी जागा होती. मावशी राहायला यायच्या आधी तिथे घर होतं, ते पाडलं गेलं आणि जागा सिटीकडे गेली. मागच्या बाजूला पेकनचं, म्हणजे अक्रोडाच्या जातीचं, एक भलंमोठं झाड, बाकी गुडघाभर गवत आणि आयव्हीच्या वेलींचं रान. लोक रात्रीतून गाद्या, टायर, फुटके टीव्ही आणून टाकायचे. मावशी सिटीला फोन करून ते उचलायला लावायच्या, आठवडाभरात पुन्हा तेच. मग त्यांनी स्वतःचा उपाय काढला. रोज संध्याकाळी घडीची खुर्ची घेऊन त्या पेकनखाली जाऊन बसायला लागल्या. माणूस बसलेला दिसला की कोणी कचरा टाकत नाही, हे त्यांचं शास्त्र. पाऊस असला तर छत्री धरून बसत.

मी आले त्याच वर्षीच्या सप्टेंबरात न्यूयॉर्कचे टॉवर पडले. सगळे घाबरलेले होते. मॉरिसव्हिलहून फोन आले, मावशी, काही दिवस साडी नेसून बाहेर बसू नका. पुढच्याच आठवड्यात एका जाणाऱ्या गाडीतून कोणीतरी त्यांच्यावर ओरडलं, कोक भरलेला कप फेकला. साडीवर डाग पडला. त्या घरी आल्या, साडी भिजत घातली, दुसऱ्या दिवशी दुसरी नेसून पुन्हा गेल्या आणि खुर्ची झाडाखालून उचलून रस्त्याच्या आणखी जवळ ठेवली.

त्या संध्याकाळी मी खिडकीतून पाहत होते. समोरच्या घराच्या ओट्यावर एक म्हातारे गृहस्थ येऊन बसले. मावशी उठून घरात जाईपर्यंत ते हलले नाहीत. दुसऱ्या दिवशीही तसंच. ते तंबाखूच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, चर्चमध्ये डीकन, म्हणजे पाद्रींच्या हाताखालचे सेवेकरी होते, म्हणून सगळे कृष्णवर्णीय शेजारी त्यांना डीकनच म्हणत. गंमत अशी, की मावशींचं आणि त्यांचं बोलणं कैक वर्षं बंद होतं. मागे एकदा मावशींनी सिटीला फोन करून त्यांच्या अंगणातल्या वाढलेल्या गवताची तक्रार केली होती. त्यांना नोटीस आली. तेव्हापासून रस्त्याच्या अलीकडे त्या, पलीकडे ते.

दुसऱ्या वर्षी मीटिंगमध्ये एक नवी योजना जाहीर झाली. वस्त्यांमधल्या पडीक जागा सुधारायला सिटी पैसे देणार होती, पण एकट्या माणसाला नाही, शेजाऱ्यांच्या गटाला. साहित्याचा खर्च सिटीचा, श्रम लोकांचे. मावशींच्या हातातली शेंग सोलायची राहिली.

घरी येताच त्यांनी आम्हा सगळ्या भाडेकरूंना जेवणाच्या टेबलाशी बसवलं. तासाभरात आमचा 'शेजारी गट' तयार झाला: त्या अध्यक्ष, मी सेक्रेटरी, पुण्याचा एक सिव्हिलवाला आराखड्याला, नागपूरचे दोघं नुसते सदस्य. मी पॉवरपॉइंट केलं. गुलाबाचे ताटवे, कारंजं, मुलांसाठी घसरगुंडी. सिव्हिलवाल्याने कॅडमध्ये असा काही प्लॅन काढला की विमानतळ बांधता आला असता.

आमची मुलाखत घ्यायला तीन माणसांची समिती होती. त्यातली सिटीची अधिकारी एक तरुण मुलगी होती. तिने सगळं शांतपणे ऐकलं आणि एकच विचारलं: तुमच्यापैकी पाच वर्षांनी या गल्लीत कोण राहत असेल? मावशींनी हात वर केला. एकच हात. ती मुलगी म्हणाली, आणि तुमचे शेजारी कुठे आहेत?

आम्हाला नकार मिळाला. सिव्हिलवाला गाडीत म्हणाला, "मावशी, हे रेसिझम आहे यार, आपण कम्प्लेंट करू." दुसऱ्या दिवशी सकाळी चहा गाळता गाळता मावशी म्हणाल्या, "बरोबर बोलली ती पोरगी. मी मॉरिसव्हिलच्या बाईला जे विचारत होते, तेच तिने मला विचारलं."

आणि चहा न पिताच त्या बूट घालायला लागल्या. मला म्हणाल्या, चल.

रस्ता ओलांडून आम्ही डीकनच्या ओट्यापाशी गेलो. एवढासा रस्ता, पण मावशींची चाल इतकी संथ झालेली मी कधी पाहिली नव्हती. ओट्यावर एका मोठ्या पातेल्यातून वाफ येत होती. डीकन उठले नाहीत, बसाही म्हणाले नाहीत. मावशी पायरीखालीच उभ्या राहिल्या.

"तुमच्या गवताचा फोन मी केला होता," त्या म्हणाल्या.

"मला माहीत आहे," डीकन म्हणाले. "सगळ्या गल्लीला माहीत आहे. माझं तेव्हा ऑपरेशन झालं होतं, मिस मावशी. वाकता येत नव्हतं."

मावशींना हे ठाऊक नव्हतं. त्यांनी तसं सांगितलं नाही, सबब म्हणून पुढे केलं नाही. "मी आधी दार वाजवायला हवं होतं," एवढंच म्हणाल्या. मग त्यांचं लक्ष पातेल्याकडे गेलं. त्यात शेंगा उकडत होत्या, सालीसकट, मिठाच्या पाण्यात, अगदी आपल्याकडे उकडतात तशा. मावशींनी विचारलं, मीठ आधी घालता की नंतर? डीकन म्हणाले, आधी. मावशी म्हणाल्या, आमच्याकडेही आधीच. मग त्यांनी आम्हाला वर बोलावलं.

शेंगा खाता खाता मावशींनी योजना सांगितली. डीकन ऐकत होते, पण चेहरा मऊ पडत नव्हता. सगळं सांगून झाल्यावर त्यांनी रस्त्यापलीकडे बोट केलं आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "तुम्ही त्या झाडाखाली जिथे खुर्ची टाकून बसता ना, ते माझ्या बहिणीचं स्वयंपाकघर आहे."

ते घर त्यांच्या बहिणीचं होतं. ती गेल्यावर मुलं दूर, कर थकला, घर सिटीने ताब्यात घेतलं आणि एके दिवशी मशीन आणून पाडलं. डीकन ओट्यावरून पाहत होते. कोणी त्यांना विचारलं नाही, की आत काही ठेवायचं आहे का. पेकन त्यांच्या मेव्हण्याने लावलेला. आता त्याच सिटीच्या पैशांनी तिथे गुलाब लावायचे, असं त्यांनी विचारलं, आणि तो प्रश्नच नव्हता.

मावशी उठल्या. मला वाटलं संपलं. पण त्या म्हणाल्या, "मला दाखवा. स्वयंपाकघर कुठे होतं, पुढचं दार कुठे होतं, सगळं दाखवा."

दोघं रस्ता ओलांडून त्या गवतात शिरले. डीकन काठीने दाखवत होते: इथे दार, इथे पियानो, इथे खिडकीशी ती बिस्किटं करायची. मावशी प्रत्येक ठिकाणी थांबत होत्या. एके जागी काठी कशावर तरी वाजली. मावशींनी वाकून आयव्ही ओढली, तर खाली विटा. घराच्या पायाच्या विटा सगळ्या तिथेच होत्या, मशीनने नुसतं वरचं घर नेलं होतं.

दुसऱ्या अर्जाच्या वेळी अध्यक्ष डीकन होते. मावशी साध्या सदस्य. ते महिने मी विसरणार नाही. मावशी गल्लीतलं एकेक दार वाजवत होत्या आणि दार उघडणाऱ्या प्रत्येकाला "तुम्हाला काय येतं?" विचारत होत्या. नर्स निघाली, बसड्रायव्हर निघाला, कोपऱ्यावरच्या मेक्सिकन जोडप्यातला नवरा गवंडी निघाला. एका आजींना काहीच येत नव्हतं, पण त्यांच्याकडे कॉफीचा मोठा थर्मास होता. त्यांना थर्माससकट घेतलं. मीटिंगा डीकनच्या चर्चच्या तळघरात व्हायच्या. तिथे माझ्या कारंज्याला कोणी विचारलं नाही. लोकांना हवा होता पाण्याचा नळ, भाजीचे वाफे आणि संध्याकाळी बसायला जागा.

बसायच्या जागेवरून मावशी हट्टाला पेटल्या. सिटीच्या कॅटलॉगमध्ये लोखंडी बाक होते. मावशींना ते चालेनात. बाकावर सगळे एकाच दिशेला तोंड करून बसतात, बोलणार कसे? त्यांनी कागदावर झाड काढलं, त्याभोवती गोल ओटा काढला आणि सांगितलं, याला पार म्हणतात. लोक त्याच्याभोवती बसतात, पाठ झाडाला, तोंड गावाकडे, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याशीही बोलणं होतं. अमरावतीला त्यांच्या आजोळी होता. डीकननी तो कागद बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, विटा आपल्याकडे आहेत.

त्या तरुण अधिकारी मुलीची अडचण वेगळीच होती. कायमचं बांधकाम योजनेत बसत नव्हतं, आणि झाडाच्या मुळांनाही जपायला हवं होतं. तिनेच डोकं लढवून मार्ग काढला. बुंध्यापासून लांब, माती न खणता, विटांचं कमी उंचीचं कडं करायचं आणि अर्जात त्याला 'बसता येईल असा वाफा' म्हणायचं. मावशी म्हणाल्या, कागदावर काहीही म्हणा, आम्ही पारच म्हणू.

या वेळी समितीसमोर डीकन बोलले. स्लाइड नव्हत्या. बहिणीच्या घराचं त्यांनी सांगितलं, पाडल्याचं सांगितलं, राग न लपवता. मग म्हणाले, जे गेलं ते सिटी परत देऊ शकत नाही. जे उरलंय त्याचं काय करायचं ते आम्हाला ठरवू द्या. खोलीत अर्धी गल्ली बसली होती. आम्हाला पैसे मंजूर झाले.

मातीचा नमुना मावशींनी आधी तपासायला पाठवला, कारण जुन्या घरांच्या रंगात शिसं असतं हे लॅबमधल्या बाईला माहीत होतं. शिसं निघालंच. म्हणून बाहेरची चांगली माती आणून उंच वाफे केले. आयव्ही उपटताना माझे हात सोलले. गवंडी नवरा, डीकन आणि चर्चमधली माणसं विटा साफ करत होती. कोणीतरी गात होतं, बाकीचे सूर धरत होते. मावशी कोट काढून, पदर खोचून, विटांची रांग पुढे सरकवत होत्या. पार पूर्ण झाला त्या शनिवारी त्यांनी त्यावर बसायचा पहिला मान डीकनला दिला. ते स्वयंपाकघराच्या बाजूला बसले.

'पार' हा शब्द त्या गल्लीत इतका रुजला की काही महिन्यांत मुलं "मीट यू ॲट द पार" म्हणायला लागली. इतक्या अमेरिकन तोंडांतून तो शब्द ऐकताना मला जे वाटायचं, ते माझ्या डिग्रीच्या दिवशीही वाटलं नाही.

शिक्षण संपलं, मला कॅलिफोर्नियात सांता क्लाराला नोकरी लागली, लग्न झालं. मावशींचा रविवारी फोन यायचा. भेंडी आली, नळ गळतो, डीकनना नातू झाला. मग एका रविवारी आवाज वेगळा होता. कारखान्यांच्या त्या रिकाम्या इमारतींमध्ये आता महाग अपार्टमेंट निघाली होती, जमिनीला भाव आला होता, आणि एका बिल्डरला आमची जागा हवी होती. जागा अजून सिटीचीच होती. विकायची की नाही, यावर कौन्सिलमध्ये सुनावणी ठेवली होती. "तू येशील," मावशी म्हणाल्या. मी ऑफिसात दोन मीटिंगा कॅन्सल केल्या आणि तिकीट काढलं.

सभागृह भरलं होतं, लोक भिंतींना टेकून उभे होते. मावशी शेवटच्या रांगेत, हातात काठी. गुडघे गेले होते. डीकन बोलले. नर्स बोलली. मेक्सिकन जोडप्यातली बायको, जिला पहिल्या मीटिंगला इंग्रजीतून नाव सांगताना घाम फुटला होता, ती तीन मिनिटं न अडखळता बोलली. मावशींचं नाव पुकारलं गेलं. अध्यक्ष तेच होते. त्यांनी सवयीने चष्मा काढला. मावशी जागेवरूनच म्हणाल्या, "माझं सगळं यांनी सांगितलंय. मला बोलायचं नाही." अध्यक्षांनी चष्मा पुन्हा घातला आणि त्यांच्याकडे नीट पाहिलं. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

निकाल आमच्या बाजूने लागला. जागा विकायची नाही, ती कायमची शेजाऱ्यांच्या गटाकडे राहील, असा ठराव झाला. बाहेर पायऱ्यांवर लोक एकमेकांना मिठ्या मारत होते, डीकन रुमालात नाक शिंकरत होते. पण मला त्या दिवसातलं आठवतं ते त्याआधीचं, माझी पाळी आली तेव्हाचं.

मी माइकपाशी गेले. क्लार्कने नाव विचारलं, मी सांगितलं. मग नियमाप्रमाणे तिने राहण्याचा पत्ता विचारला. बोलायचा हक्क गावातल्या रहिवाशांनाच होता. मी अडखळले. माझा पत्ता कॅलिफोर्नियाचा होता. बिल्डरच्या वकिलाने मान वर केली. मी काहीतरी सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात मागून काठी आपटल्याचा आवाज आला.

मावशी उभ्या राहिल्या होत्या, शेजारच्या खुर्चीला धरून. अध्यक्ष म्हणाले, मिस मावशी, आता तुमची पाळी नाही.

"माझा पत्ता लिहा," मावशी क्लार्कला म्हणाल्या. "ती माझ्या घरची आहे."

क्लार्कने अध्यक्षांकडे पाहिलं. अध्यक्षांनी हळूच मान हलवली. आणि तिने मावशींच्या घराचा नंबर, गल्लीचं नाव, एकेक अक्षर माझ्या नावापुढे लिहून घेतलं.